हक्काचं सोंग

अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, डांगाणातल्या गावांत उन्हाळ्यात बोहाडा, म्हणजे मुखवटे घालून नाचवलेल्या सोंगांचा उत्सव, होतो. संबळ घुमू लागतो. आधी गणपती येतो, मग सरस्वती, आणि रात्र कलता कलता देवी महिषासुरावर धावून जाते. सोंगं दरसालची. नरसिंह कसा येणार हे पोरासोरांनाही पाठ असतं, तरी माणसं घोंगड्या पांघरून पहाटेपर्यंत बसतात. बऱ्याच ठिकाणी सोंगाचा मान घराण्याकडे चालत आलेला असतो. कालपर्यंत बापानं नाचवलेला मुखवटा यंदा पोरानं चढवला, की त्याचं पाऊल कसं पडतं याकडे सगळ्या गावाचं लक्ष असतं.

मराठी सिनेमाच्या दुसऱ्या-तिसऱ्या भागांकडे मी याच नजरेनं पाहतो. तेच पुन्हा पाहायला आपली हरकत कधीच नव्हती. मुखवट्याखालचा माणूस जिवंत हवा, एवढंच मागणं.

‘झपाटलेला’चं उदाहरण घ्या. १९९३ साली महेश कोठारे यांनी परदेशी भयपटाची कल्पना उचलली आणि ती इतकी आपली केली, की त्यातला तात्या विंचू हा बाहुला घरोघरी पोचला. रामदास पाध्ये यांच्या बाहुल्याचं आणि दिलीप प्रभावळकरांच्या आवाजाचं श्रेय मोठंच. पण सिनेमा चालला तो लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या घाबरण्यावर. बाहुला हलतो हे आपल्याला पटलं ते त्यांच्या लक्ष्याचे डोळे बघून. बेर्डे २००४ साली गेले. २०१३ मध्ये ‘झपाटलेला २’ थ्रीडीत आला. त्यात लक्ष्याच्या मुलाची गोष्ट होती, म्हणजे बोहाड्यासारखाच बापाकडून पोराकडे आलेला वारसा. तरी मन भरलं नाही. बाहुला अंगावर येत होता, पण त्याच्यापुढे भीतीनं गाळण उडालेला तो भाबडा माणूस कुठे दिसेना. मुलाची भूमिका करणाऱ्या आदिनाथ कोठारे यांचा यात दोष नाही. पटकथेनं सगळा भार बाहुल्यावर टाकला.

याउलट सतीश राजवाडे यांचा ‘मुंबई-पुणे-मुंबई’. २०१० साली दोन अनोळखी माणसं पुण्यात एक दिवस बोलत फिरली. त्यांची नावंसुद्धा आपल्याला कळली नाहीत. २०१५ मध्ये त्यांचं लग्न ठरलं आणि मुलीचं मन कचरू लागलं. होकार दिल्यानंतरची ही भीती पहिल्या भागात येऊच शकत नव्हती, म्हणून दुसऱ्याला हक्क होता. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी यांच्या चेहऱ्यांवरही पाच वर्षं उमटली होती. २०१८च्या तिसऱ्या भागात बाळाची चाहूल लागली, पण घरच्यांच्या गजबजाटात ती दोघं हरवली.

‘बॉईज’चे २०१७ ते २०२३ या काळात चार भाग आले, पोरं शाळेतून बाहेर पडली, विनोद शाळेतच राहिले. ‘नवरा माझा नवसाचा’ वीस वर्षांनी, २०२४ मध्ये, एसटीतून उतरून कोकण रेल्वेत बसला. गाडी बदलली, प्रवास तोच. उलट, सत्यजित राय यांनी अपू या नायकाला १९५५ ते १९५९ या काळात तीन चित्रपटांत वाढवलं आणि दर वेळी त्याच्याजवळचं कुणीतरी नेलं. पुढचा भाग काढायचा तर अशी किंमत मोजावी लागते.

दिग्पाल लांजेकर यांच्या शिवराज अष्टकाबद्दल, म्हणजे शिवाजी महाराजांवरच्या आठ चित्रपटांच्या मालिकेबद्दल, मला जास्त आस्था आहे. ‘फर्जंद’, ‘फत्तेशिकस्त’, ‘पावनखिंड’, ‘शेर शिवराज’, ‘सुभेदार’ हे पाच चित्रपट २०१८ ते २०२३ या काळात आले. आठ म्हणजे आठ, हे आधीच सांगितलेलं. ही शिस्त मोलाची आहे. पण प्रत्येक भागात मोहीम, शपथ, तलवारी आणि मंद गतीतला आवेश हे साचे पक्के होत गेले.

या साच्यात न बसणारी एक गोष्ट आमच्या अकोले तालुक्याच्या उत्तर कडेला, पट्टा किल्ल्यावर घडली. १६७९ साली जालन्याच्या स्वारीवरून परतताना शिवाजी महाराजांना संगमनेरजवळ मोगलांनी गाठलं. सरदार सिधोजी निंबाळकर पडले. बहिर्जी नाईकांनी आडवाटेनं सैन्य पट्ट्यावर आणलं. महाराज तिथे विसावले, म्हणून गडाला विश्रामगड म्हणतात. त्यानंतर काही महिन्यांतच, ३ एप्रिल १६८० रोजी, रायगडावर त्यांचं निधन झालं. जिवलग सरदार गमावून गडावर बसलेला, थकलेला राजा मला आपल्या पडद्यावर अजून दिसलेला नाही. मराठी दिग्दर्शकांना माझी विनंती आहे: पुढचा भाग काढायचाच असेल, तर एकदा पट्टेवाडीहून हा गड चढून या.