केसरबाई, मी आणि प्रीअँप

चाळिशीत माणसाला चष्मा लागतो, गुडघे बोलू लागतात आणि काहींना प्रीअँप्लिफायर बदलावासा वाटतो. पहिल्या दोहोंवर आमच्या महाडात डॉक्टर आहेत. तिसऱ्यासाठी पोलादपूर गाठावे लागते.

तिथे आमचे एक मास्तर राहतात. शाळेतून निवृत्त झाले, ऐकण्यातून नाही. त्यांनी नवा प्रीअँप घेतला आणि जुना मला अठरा हजारांत देऊ केला. वर "तू म्हणून" असेही म्हणाले. बँकेत वीस वर्षे काढलेल्या माणसाला या दोन शब्दांची धास्ती असते. जामिनाची सही मागणारे सगळे इथूनच सुरुवात करतात.

प्रीअँप म्हणजे काय, हे हिला मी बँकेच्या भाषेत समजावले. सुईकडून येतात जेमतेम पाच मिलिव्होल्ट. एवढ्या किरकोळ रकमेला मोठा अँप्लिफायर दारात उभा करत नाही. मधला कारकून ती शंभरेक पट करून आत पाठवतो. शिवाय एलपी कापतानाच खर्ज दाबलेला आणि वरचे सूर चढवलेले असतात. नाहीतर खर्जाची रेघ नागमोडी वळत शेजारच्या रेघेत घुसेल. वाजवताना प्रीअँपने बरोबर उलटी नोंद करायची. अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने १९५४ साली ठरवलेला हा हिशेब पुढे जगभर चालला.

"म्हणजे आधी मुद्दाम बिघडवायचं आणि दुरुस्तीला अठरा हजार!" ही म्हणाली. आमच्या ऑडिटरलाही एवढे नेमके बोलता आले नसते.

पण माझी खरी तक्रार घूं अशा आवाजाची होती. जुलै २०२१ च्या पुरात सावित्री आमच्या घरात शिरली. वडिलांच्या साठेक रेकॉर्डांपैकी अकरा हाती लागल्या. त्यांत केसरबाई केरकरांची एलपी. वेष्टनाचा लगदा झाला होता. रेकॉर्ड नळाखाली धुतली, पण थोडा चिखल रेघांतच मुक्कामाला राहिला. तेव्हापासून आमच्या घरी केसरबाईंच्या मागे तंबोऱ्याऐवजी पिठाची गिरणी चालू असे.

ती एलपी काखेत मारून मी पोलादपूरची एस.टी. धरली.

मास्तरांनी सुई टेकवली आणि पहिल्यांदा ऐकू आला तो पूर. फाट् फाट्, चर्र. आमच्या घरच्या मिणमिणत्या वरच्या सुरांनी झाकून ठेवलेला सगळा चिखल त्या भल्या यंत्राने चव्हाट्यावर मांडला. मग त्यामागून तंबोरा आला, अगदी तारेनिशी. तबल्याची शाई आणि चाट वेगळी कळू लागली. आणि भैरवी? बाई होत्या तिथेच होत्या. तो भरदार, मोकळा आकार, श्वास कुठे चोरला याचा पत्ता न लागू देणारी तान. अल्लादियाखाँसाहेबांच्या तालमीला प्रीअँपने एक पैचेही व्याज जोडले नव्हते. अठरा हजारांत गाणे नव्हे, गाण्याभोवतीची खोली मिळणार होती. ती खोली खोटी नव्हती, हेही कबूल केले पाहिजे. बाई तिथे बसून गात होत्या; आमच्याकडे त्या भिंतीत चिणलेल्या असत.

केसरबाईंची भैरवी १९७७ साली अमेरिकनांनी व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवली. तबकडीसोबत सुई दिली, कार्ट्रिज दिले, फेरे किती हेही खुणांनी लिहिले. प्रीअँप दिला नाही. परग्रहावरच्या कारकुनाने तो आपापला जमवायचा आहे. यान सुटले, आणि त्याच सप्टेंबरात बाई गेल्या. मास्तरांना हे सांगितले तर ते म्हणाले, "त्यांना पूर लागला नाही ना वाटेत?"

निघताना त्यांनी विचारले, "अरे, टर्नटेबलची ती बारीक काळी वायर अँपला जोडली आहेस ना? अर्थिंगची?"

मी घड्याळाकडे पाहिले आणि एस.टी.ची वेळ झाल्याचे सांगितले.

घरी येऊन कपाट पुढे ओढले. काळी वायर मागे लोंबत होती. पुरानंतर सामान लावताना कुणीतरी विसरले होते. (सामान मी एकट्याने लावले होते.) स्क्रू आवळला. गिरणी बंद. मास्तरांकडच्यापेक्षा रोडावलेला, पण तंबोराच वाजू लागला. चिखलही आपल्या जागी वाजला.

आतून हिचा आवाज आला, "अहो, घेतलंत वाटतं शेवटी! छान येतोय आवाज. अठरा हजार वसूल."

मास्तरांना उत्तर रविवारपर्यंत द्यायचे आहे. हिलाही.