निनांवी स्त्रियांचें नामकरण

अलिबागेच्या इस्रायल आळींतून, बेने इस्रायल समाजाच्या मागेन अबोथ सिनेगॉगवरून जातांना नोहाच्या पत्नीची आठवण होते. ती जलप्रलयांतून तरली, पण मूळ ग्रंथांत तिचें नांव नाहीं. पुढील यहुदी भाष्यकारांनीं तिला नामा म्हटलें. हें नांव त्यांनीं बाहेरून आणिलें नाहीं. तुबल-काइनाची बहीण, एवढ्याच ओळखीवर तें त्याच ग्रंथांत पडून होतें. निनांवी स्त्रीस त्यांनीं कथा नसलेलें नांव दिलें.

आपल्याकडेही असेंच घडलें. दुर्योधनाच्या पत्नीस भानुमती केलें तें भट्टनारायणाच्या 'वेणीसंहार' नाटकानें. कर्ण उद्योगपर्वांत आपल्या विवाहाविषयीं बोलतो, पण पत्नीचें नांव घेत नाहीं. स्त्रीपर्वांत त्याच्या प्रेताजवळ कोसळणारी स्त्री गांधारी दाखविते, ती नांवानें नव्हे, तर कर्णाची पत्नी आणि वृषसेनाची व सुषेणाची माता म्हणून.

भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९६६ सालीं पुरी झाली. पंडितांनीं मागाहूनची भर कसोशीनें बाजूस सारली. पुढच्याच वर्षीं शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' निघाली आणि 'वृषाली' हें नांव मराठी घरांत रुळलें. आतां विद्यार्थी तें व्यासांचेंच म्हणून सांगतात. पूर्वी मी त्यांस रागें भरत असें.

परंतु नांवें देण्याची रीत आपल्या घरांतलीच आहे. लग्नांत ताटांतील तांदळांवर वर अंगठीनें वधूचें नवें नांव लिहितो. माझ्या आईचें माहेरचें नांव मला ती गेल्यावर एका जुन्या पत्रावरून कळलें. तोंवर मीं कधीं विचारलेंच नव्हतें. 'वृषाली' हेंही मला असेंच सासरचें नांव वाटतें. 'वृष' हें कर्णाचेंच एक नांव, आणि वृषसेन त्याचा पुत्र.

तथापि सावंत नांवावर थांबले नाहींत. सहा निवेदकांत त्यांनीं तिला स्थान दिलें. जिच्याविषयीं इतरांनींच बोलावें अशी ती स्त्री येथें स्वतः बोलते. त्या कादंबरीचें हें श्रेय मी मोठें मानतों.

म्हणून वाचकांनीं वृषालीचें बोलणें आवडीनें ऐकावें आणि तें सावंतांच्या खातीं मांडावें. स्त्रीपर्व वाचतांना मात्र तेथें हें नांव घालूं नये. तिचें नांव कोणी विचारलें नाहीं, हेंही त्या पर्वानें आपणांस सांगितलेंच आहे.