पीठाविना उत्सव : मुंबईचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय

मुंबईस कामानिमित्त जाणारे आमचे वाचक सवड काढून वाळकेश्वरास जातात, महालक्ष्मीस जातात आणि बरोबर मुले असली तर घुमटाच्या मोठ्या वस्तुसंग्रहालयातही एखादी सकाळ घालवितात. त्याच चौकात, रस्त्याच्या पलीकडे, सर कावसजी जहांगीर सभागृहाची दगडी इमारत उभी आहे. तिच्या दारातून आत पाऊल टाकणारा आमच्यांतला माणूस मात्र विरळा. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबई शाखा ती हीच. तेथील गुणदोषांविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे, आणि ते लिहिताना आमच्या देवळांची उपमा वारंवार येईल, त्यास इलाज नाही. पाहणे म्हणजे काय हे आम्ही देवळातच शिकलो.

ही वास्तू जॉर्ज विटेट यांची. समोरचे वस्तुसंग्रहालय व गेटवे ऑफ इंडिया यांचे रचनाकारही तेच. १९११ साली उभारणीस लागलेल्या या सभागृहाने राजकीय सभा ऐकल्या, मैफली ऐकल्या. पुढे वाईट दिवस आले तेव्हा लग्ने आणि मुष्टियुद्धाचे सामनेही पाहिले. शिल्पकार पिलू पोचखानवाला, केकू गांधी प्रभृतींनी चिकाटीने पाठपुरावा केला म्हणून ते चित्रकलेच्या वाट्यास आले, व १९९६ साली संग्रहालय खुले झाले. दिल्लीच्या जयपूर हाऊसमध्ये मातृसंस्था १९५४ पासून नांदत होती. म्हणजे ज्या शहरात १९४७ साली प्रोग्रेसिव्ह मंडळींनी बंडाचा झेंडा उभारला, त्या शहरास दिल्लीमागून बेचाळीस वर्षे वाट पाहावी लागली!

बाहेरचा दगड तसाच राखून आतील जागा पार बदलली आहे. अर्धवर्तुळाकार दालने एकावर एक रचलेली, आणि जिने चढत चढत माणूस घुमटाखाली पोहोचतो. चाल प्रदक्षिणेची आहे आणि ती आम्हांस आवडते. परंतु गोलाईच्या भिंतीवरील मोठे चित्र पाहताना मागे सरकावे तर जागा अपुरी, आणि गुडघे दुखणाऱ्या वृद्धांस तर ही चढण शिक्षाच वाटावी.

पण हे दोष किरकोळ होत. आमची मुख्य तक्रार निराळी आहे. आमच्या देवळांत मूळ मूर्ती गर्भकुडीत अढळ असते आणि उत्सवमूर्ती पालखीत बसून बाहेर पडते. मंगेशीची सोमवारची पालखी कितीही थाटाची असो, ती परत येते ती मूळ पीठापाशीच. १५६० साली कुशस्थळीहून देव प्रियोळास न्यावा लागला, तेव्हाही पूर्वजांनी पहिली चिंता वाहिली ती त्याच्या नव्या पीठाची. या संग्रहालयात पालख्या पुष्कळ निघतात, काही तर फार देखण्या. मात्र अमुक चित्र अमुक भिंतीवर हटकून भेटेल, पुढील वर्षी आलो तरी तेथेच भेटेल, असा भरवसा कोणी देत नाही.

यात बिघडते काय, असे कोणी विचारील. त्यास आम्ही वासुदेव गायतोंडे यांचे नाव सांगू. गोमंतकीय कुळातला हा चित्रकार १९२४ साली नागपुरास जन्मला, जे. जे. कलाशाळेत शिकला, मुंबईत वाढला, १९७२ साली दिल्लीस गेला आणि २००१ साली वारला. त्याच्या चित्रांत ना माणूस, ना झाड, ना देवता. रूळ आणि सुरी यांनी रंगाचे थर चढवावे, खरवडावे, पुन्हा चढवावे, आणि वर्षाकाठी मोजकीच चित्रे पुरी करावी अशी त्याची रीत. पहिल्या भेटीत आमच्या वाचकास यात काही दिसणार नाही, आणि त्याने ते मोकळेपणी म्हणावे. परंतु न घडविलेल्या स्वयंभू पाषाणापुढे जो पिढ्यान्‌पिढ्या उभा राहिला, त्याने आकार नाही म्हणून बिचकावे, हे आम्हांस पटत नाही. त्या पाषाणाची ओळख त्यास एका दिवसात झाली नव्हती. लहानपणी वडिलांचे बोट धरून, पुढे स्वतःच्या मुलांस घेऊन, तो त्याच ठिकाणी पुन्हा पुन्हा गेला. गायतोंड्यांचे चित्र हीच मागणी करते. त्यांची चित्रे या संस्थेच्या संग्रहात आहेत, परंतु संग्रहात असणे निराळे आणि दर्शनास असणे निराळे. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४ साली त्यांचे प्रदर्शन मांडले, तेव्हा तेथील रसिकांस महिनोन्‌महिने जे लाभले, ते गिरगावातल्या माणसास घराजवळ नित्य लाभू नये काय?

पीठ स्थापावे, हे ठरले तरी ते स्थापावे कोणी, हा प्रश्न उरतोच. फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रभाकर बर्वे यांच्या चित्रांचे प्रदर्शन येथे उघडले. बर्वे रायगडातील नागावचे; हे संग्रहालय खुले होण्याच्या आदल्या वर्षी, १९९५ साली, निवर्तले. कॅनव्हासवर एनॅमल रंगाने रंगविलेले घड्याळ, पान, शंख अशा साध्या वस्तू एकमेकींपासून अंतर राखून मोकळ्या अवकाशात ठेवणारा हा चित्रकार, आणि ‘कोरा कॅनव्हास’ हे त्याचे मराठी पुस्तक. त्या उद्घाटनप्रसंगी जे. जे.चेच एके काळचे विद्यार्थी अमोल पालेकर यांनी स्थानिक कलावंतांची सल्लागार समिती बरखास्त होऊन निर्णय दिल्लीतून होणार असल्याविषयी बोलावयास आरंभ केला, तो त्यांस मध्येच अडविण्यात आले. बर्व्यांविषयीच बोला, असे सांगण्यात आले. जणू बर्व्यांची चित्रे भिंतीवर कोणी लावली, हा बर्व्यांविषयीचा विषयच नव्हे!

त्या वेळी इमारतीचा बहुतेक भाग संस्थेच्या स्वतःच्या संग्रहास देऊन बाहेरच्या प्रदर्शनांस थोडी जागा ठेवण्याचा बेत बोलला जात होता. अनेक कलावंत त्यावर संतापले. त्यांचा संताप आम्हांस कळतो. त्याच वर्षाच्या अखेरीस झालेल्या सुधीर पटवर्धनांच्या प्रदर्शनासारखा प्रसंग एका दालनात मावणारा नव्हे. तरीही कायम मांडणीची कल्पना आम्ही टाकाऊ मानीत नाही. उलट तीच आम्हांस हवी आहे. आमचा आक्षेप आहे तो महाजनांस न विचारता देवस्थानाचा कारभार चालविण्यास. चित्र निवडणारे जर त्या चित्रकारांच्या गावचे, त्यांच्या शाळेतले, त्यांचे कार्य पाहात वाढलेले असतील, तर चुकले तरी त्यांस चारचौघांत जाब विचारता येतो. दूरच्या कचेरीतील टिपणीस जाब कोण विचारणार? महाजनांतही भांडणे होतात, खटले कोर्टात जातात, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. तरीही समई विझत नाही.

आमचे मागणे तूर्त एवढेच, की तळाचे एक दालन, जेथे वृद्धांस जिना चढावा लागत नाही, ते कायमचे राखावे. त्यात गायतोंडे असावेत, बर्वे असावेत, साळगावचे सूझा आणि मडगावचे लक्ष्मण पै असावेत. पंधरा-वीसच चित्रे असली तरी चालतील. ती निवडावी मुंबई-गोमंतकातील जाणत्यांनी, नावे उघड करून. वरच्या साऱ्या मजल्यांवर मग पालख्या खुशाल नाचवाव्या.