स्वस्त मोडेम : वाचलेला पैसा जातो कोठे?

शाळेसाठी एखादे यंत्र घ्यायचे ठरले की दरपत्रके मागवली जातात आणि बहुधा सर्वांत कमी आकड्यावर खूण होते. मोडेमच्या बाबतीत ही खूण करण्यापूर्वी थोडे थांबावे, असे आम्हांला वाटते. दोन खोक्यांवर वेग एकच छापलेला असताना एकाची किंमत दुसऱ्याच्या निम्मी का, हा प्रश्न विज्ञानाच्या शिक्षकाने तरी विचारायला हवा. पंचवीस वर्षांपूर्वीच्या एका स्वस्त मोडेमात त्याचे उत्तर फार स्वच्छ दिसते. म्हणून आधी त्याच्याकडे पाहू.

दूरध्वनीची यंत्रणा माणसाच्या बोलण्यासाठी उभारलेली. तिच्यातून साधारणपणे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच कंप्रता पलीकडे पोचतात. संगणकातील ० आणि १ या पट्ट्यात मावतील अशा आवाजात बदलायचे आणि पलीकडून आलेल्या आवाजातून ते पुन्हा वेगळे काढायचे, हे मोडेमचे काम. काम ऐकायला सोपे वाटते. पण तारेत खरखर असते, आपलाच आवाज प्रतिध्वनी होऊन परत येतो, सगळे सूर सारख्या ताकदीने पोचत नाहीत. १९९४ च्या व्ही.३४ या मानकानुसार अशा तारेतून सेकंदाला २८,८०० बिट पाठवायचे, तर प्रतिध्वनी वजा करणे, सुरांचा समतोल साधणे, चुका हुडकणे ही आकडेमोड अखंड चालू ठेवावी लागते. त्यासाठी चांगल्या मोडेमात स्वतंत्र चिप असे. संगणकाशी बोलणी करणारी नियंत्रक चिप वेगळी, आणि तारेशी गाठ घालणारे मंडल वेगळे.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात उत्पादकांच्या मनात आले, की संगणकात एवढा मोठा प्रोसेसर बसलेला असताना मोडेमात दुसरा कशाला? त्यांनी आधी नियंत्रक काढला, पुढे आकडेमोडीची चिपही काढली. कार्डावर उरले ते तारेशी जोडणारे मंडल आणि आवाजाचे आकड्यांत रूपांतर करणारा भाग. बाकीचे सारे काम विंडोजखाली चालणाऱ्या सॉफ्टवेअरवर सोपवले. हाच तो ‘विनमोडेम’. किंमत अर्थातच उतरली.

ही कल्पना मुळात वाईट होती असे आम्ही म्हणणार नाही. त्या काळी तिला ‘खोटा मोडेम’ म्हणून नाके मुरडणारे पुष्कळ होते; त्यांच्याशी आमचे जमत नाही. वेगवान प्रोसेसर असेल तर हा मोडेम चांगला चालत असे, आणि १९९८ मध्ये व्ही.९० हे नवे मानक आले तेव्हा यांतले कित्येक नुसते सॉफ्टवेअर बदलून अद्ययावत झाले. गडबड होती ती हिशेबात. मोडेमची किंमत कमी झाली, काम मात्र तेवढेच राहिले. ते संगणकाच्या खात्यावर मांडले गेले. आणि स्वस्त मोडेम घेणाऱ्याकडेच बहुधा जुना, मंद संगणक असे! ४८६ प्रोसेसरला हे ओझे झेपतच नसे. लिनक्स वापरू पाहणाऱ्यांच्या हाती तर अनेकदा मुके कार्डच उरे, कारण आवश्यक ते सॉफ्टवेअर फक्त विंडोजसाठी लिहिलेले असे.

१९९९ मध्ये आम्ही पदवीचे विद्यार्थी असताना विभागातील संगणकात असाच एक मोडेम होता. कोणी छपाईची आज्ञा दिली किंवा मोठे चित्र उघडले की जोडणी तुटायची. आम्ही सगळे तारेला दोष देत होतो. लाइनमन दोनदा येऊन तार तपासून गेला आणि तार ठीक आहे म्हणाला. शेवटी शेजारच्या विभागातून दिव्यांचा, बाहेर ठेवायचा मोडेम मागून आणला. तार तीच, संगणक तोच, वेळही सायंकाळचीच. जोडणी तुटेना. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे प्रयोगवहीत आम्ही कितीदा लिहिले होते. पण ते करायला आम्हांला तीन महिने लागले. वेगातही फरक पडला. आतल्या मोडेमची जोडणी पुष्कळदा २१,६०० बिटवर येऊन थांबे, बाहेरच्याची ३३,६०० वर. दहा लाख बाइटची, म्हणजे ऐंशी लाख बिटची, फाइल आणायला पहिल्याला सहा मिनिटांहून अधिक लागत, दुसऱ्याला सुमारे चार. दूरध्वनीचे मीटर या काळात चालूच असे. मोडेमवर वाचवलेले पैसे बिलातून महिन्या-महिन्याने परत जात होते.

आणखी एक काटकसर खोके उघडल्याशिवाय दिसत नसे. तारेवरून येणारा विजेचा धक्का अडवणारे छोटे भाग काही कार्डांवर नसतच. पाटीवर त्यांच्या जागा छापलेल्या, पण रिकाम्या. आपल्याकडे वळवाच्या दिवसांत वीज जवळपास कडाडली तरी लांब तारेत मोठा दाब निर्माण होतो. बाहेरच्या मोडेमवर हा प्रहार झाला तर बहुधा तेवढ्यावर निभावे. आतले कार्ड जळताना मुख्य पाटीलाही घेऊन जाऊ शके. आमचे तसेच झाले.

आता शाळांत प्रकाशतंतूची जोडणी येऊ लागली आहे आणि तिच्या टोकाच्या डब्याला सारे जण मोडेमच म्हणतात. काचेचा तंतू वीज वाहून आणत नाही, त्यामुळे त्या बाजूची भीती गेली. विजेच्या प्लगमधून येणारी राहिली. पण गंमत अशी, की या डब्याची परिस्थिती विनमोडेमच्या नेमकी उलट आहे. मुलांच्या हातातले फोन आणि टॅब्लेट भरपूर ताकदीचे असतात, पण त्यांची ताकद या डब्याला उसनी मिळत नाही. प्रत्येकाची माहिती ज्याची त्याला पोचवण्याचे काम डब्यातल्या छोट्या प्रोसेसरलाच करावे लागते. स्वस्त डब्यात हा प्रोसेसर अशक्त असतो आणि रेडिओ फक्त २.४ गिगाहर्ट्झचा. या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे मार्ग व्यवहारात तीनच, शिवाय शेजारपाजारची वाय-फाय यंत्रे त्यांवर आधीच बसलेली. तारेचे तोंड १०० मेगाबिटचे असेल, तर २०० मेगाबिटची वर्गणी भरूनही तारेने जोडलेल्या संगणकाला निम्माच वेग मिळणार. सुरक्षेच्या सुधारणा उत्पादक किती वर्षे देणार, हेही खोक्यावर क्वचितच लिहिलेले असते.

मुख्याध्यापकांच्या खोलीत एकच संगणक असेल तर स्वस्त डबा खुशाल घ्यावा. महागड्याने तेथे काही अधिक मिळणार नाही. चाळीस मुलांच्या वर्गासाठी मात्र आम्ही तो घेणार नाही. आणि विक्रेता डबा दाखवायला येईल तेव्हा रिकाम्या कार्यालयात एका फोनवर वेग मोजून देईल, त्यावर सही करू नये. त्याला वर्गात न्यावे, चाळीसही यंत्रांवर एकच चित्रफीत एकदम सुरू करावी, आणि घड्याळ विद्यार्थ्यांच्या हातात द्यावे.