परवान्यात वर्गाला जागा आहे का?

शाळेत संगणक येतो तेव्हा त्याबरोबर एक ऑपरेटिंग सिस्टिम येते आणि तिच्याबरोबर एक परवाना येतो. प्रणाली सर्वजण वापरतात, परवाना मात्र क्वचितच कोणी वाचतो. ‘मान्य आहे’ या शब्दांवर टिचकी मारून आपण पुढे जातो. परवाना म्हणजे किंमत आणि पावती, एवढाच आपला समज असतो. खरे पाहता परवाना हा एक लेख आहे आणि कोणत्याही लेखाप्रमाणे त्याचेही परीक्षण करता येते. येथे आम्ही चार परवान्यांचे परीक्षण करीत आहोत. कसोटी शिक्षकाची आहे. प्रणालीचा मूळ मजकूर वर्गात उघडून दाखवता येतो का? विद्यार्थ्याला तो बदलून पाहता येतो का? बदललेली प्रत मित्राला देता येते का?

मूळ मजकूर म्हणजे काय, हे आधी स्पष्ट करू. प्रणाली लिहिणारी माणसे ‘सी’सारख्या भाषेत आज्ञा लिहितात. त्यांचे रूपांतर होऊन यंत्राला कळणारी अंकांची मालिका तयार होते. बाजारात बहुधा ही मालिकाच मिळते. तिच्यावरून मूळ मजकूर शोधणे म्हणजे भाकरी पाहून जात्यात किती दाणे घातले ते सांगण्यासारखे आहे. म्हणून मजकूर द्यायचा की नाही, हे परवाना ठरवतो.

पहिला परवाना युनिक्सचा. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून ही प्रणाली घडवली. एटी अँड टी या मालक कंपनीला १९५६ च्या एका न्यायालयीन तडजोडीमुळे दूरसंचाराबाहेरच्या धंद्यात उतरता येत नव्हते. त्यामुळे विद्यापीठांना युनिक्स मूळ मजकुरासह अल्प दरात मिळे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे जॉन लायन्स यांनी सहाव्या आवृत्तीच्या गाभ्याच्या सुमारे ९,००० ओळी छापल्या आणि १९७७ पर्यंत त्यांवर विस्तृत टीका लिहून विद्यार्थ्यांच्या हाती दिली. आपल्याकडे ग्रंथांवर टीका लिहीत, त्याच अर्थाने ही टीका होती. १९७९ मध्ये सातवी आवृत्ती आली. तिच्या परवान्याने मूळ मजकूर वर्गात शिकवण्यास मनाई केली. पुष्कळ ठिकाणी प्राध्यापक नुसता सिद्धांत शिकवू लागले. लायन्स यांचे पुस्तक वर्षानुवर्षे छायाप्रतींच्या रूपाने हातोहात फिरत राहिले आणि सर्वांसाठी छापले गेले ते १९९६ मध्ये. प्रणाली तीच, यंत्रे तीच. फक्त परवान्यातील एका अटीने वर्गाचे दार बंद झाले.

दुसरा परवाना मिनिक्सचा. ॲमस्टरडॅम येथील प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाउम यांनी ही मनाई टाळण्यासाठी स्वतःच एक छोटी प्रणाली लिहिली आणि १९८७ मध्ये पाठ्यपुस्तकासह प्रसिद्ध केली. तिच्या सुमारे १२,००० ओळी पुस्तकातच छापल्या होत्या. आमच्या पहिल्या दोन प्रश्नांना येथे ‘हो’ असे उत्तर मिळते. तिसऱ्यापाशी मात्र हा परवाना अडतो. प्रणालीचे हक्क प्रकाशकाकडे होते, त्यामुळे सुधारलेली संपूर्ण प्रत कोणालाही मुक्तपणे वाटता येत नसे. वापरणारे फक्त फरकाच्या ओळी एकमेकांना पाठवीत आणि घेणारा त्या आपल्या प्रतीत बसवी. २००० मध्ये मिनिक्सला बीएसडी परवाना मिळाला, पण तोवर तिच्याच एका विद्यार्थी-वापरकर्त्याने वेगळी वाट धरली होती. त्याचे नाव लिनस टोरवाल्ड्स.

टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये हेलसिंकी येथे लिनक्स प्रसिद्ध केली. त्यांचा पहिला परवाना स्वतः लिहिलेला होता. त्यात एक अट अशी की प्रणाली देताना पैसे घेऊ नयेत. हेतू उदात्त, पण अट अडचणीची. फ्लॉपीवर प्रत करून देणाऱ्याने फ्लॉपीचा खर्चसुद्धा मागायचा नाही, तर तो प्रती किती दिवस वाटणार? १९९२ मध्ये टोरवाल्ड्स यांनी ही अट काढून जीएनयू जनरल पब्लिक लायसन्स, म्हणजे जीपीएल, स्वीकारला. मोफत आणि मुक्त हे दोन निराळे शब्द आहेत, हे या बदलातून कळते. इंग्रजीत दोहोंसाठी एकच शब्द असल्याने पुष्कळ घोटाळा होतो. मराठीत तो होण्याचे कारण नाही.

उरलेले दोन परवाने शेजारी ठेवून वाचावेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतून आलेला बीएसडी परवाना एका पानात मावतो. प्रणाली वापरा, बदला, विका. फक्त आमची हक्कसूचना ठेवा आणि नुकसानीचा दावा आमच्यावर लावू नका, एवढाच त्याचा आशय. जाहिरातीत विद्यापीठाचा उल्लेख करण्याची जाचक अट होती, तीही १९९९ मध्ये वगळली गेली. लेखनाच्या दृष्टीने चौघांत हा सरस आहे. पण त्यात पुढच्या वाचकाचा विचार नाही. सोनीच्या २०१३ मधील प्लेस्टेशन ४ या खेळयंत्रातील प्रणाली बीएसडी घराण्यातील फ्रीबीएसडीवर आधारलेली आहे. ती खेळणाऱ्या मुलाला बदललेला मजकूर दाखवण्याचे बंधन या परवान्याने कंपनीवर घातलेले नाही.

रिचर्ड स्टॉलमन यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये आलेला जीपीएल नेमका येथे वेगळा पडतो. प्रणालीची प्रत दुसऱ्याला देणाऱ्याने मूळ मजकूरही उपलब्ध केला पाहिजे आणि तेच हक्क पुढे दिले पाहिजेत. पैसे घ्यायला हरकत नाही, हक्क अडवायला आहे. मात्र त्यातही उणिवा आहेत. मजकूर लांबलचक व कायद्याच्या बोजड इंग्रजीतला आहे आणि अधिकृत मानला जातो तो इंग्रजीच. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. टिव्हो या अमेरिकन ध्वनिचित्रमुद्रण यंत्राने लिनक्सचा मजकूर दिला, पण बदललेली प्रणाली चालवण्यास यंत्रच नकार देई. २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीने ही पळवाट बंद केली. लिनक्सचा गाभा मात्र दुसऱ्याच आवृत्तीवर राहिला.

मग निवड कोणती? आपली कल्पना जास्तीत जास्त यंत्रांत पोहोचावी एवढेच ज्याला हवे, त्याला बीएसडी पुरेसा आहे. कार्यालयात पत्रे लिहिण्यापुरता संगणक हवा, तर बंद परवान्याची प्रणालीही चालेल. फक्त ती विकत घेतलेली असावी. पण शिकण्यासाठी प्रणाली निवडताना आम्ही जीपीएलच्या बाजूने आहोत. त्याच्या भाषेचा दोष आम्हाला मान्य आहे, तरी शेवटच्या बाकावरील विद्यार्थ्याचा हक्क त्यानेच लेखी नोंदवला आहे. बंद प्रणालीची तबकडी वर्गात वाटणारा शिक्षक नकळत बेकायदा वर्तनाचा धडा देतो. जीपीएल प्रणालीची तबकडी वाटणारा शिक्षक परवान्याला धरूनच वागतो. कृती एकच, पण मुले तिच्यातून दोन निराळ्या गोष्टी शिकतात.

आमची सूचना साधी आहे. शाळेतील प्रणालीचा परवाना आणि बीएसडीचा एक पानी मजकूर नववी-दहावीच्या मुलांपुढे ठेवावा. वर दिलेल्या तीन प्रश्नांची उत्तरे त्यांना मराठीत, स्वतःच्या शब्दांत लिहू द्यावीत. इंग्रजीच्या शिक्षकांनाही सोबत घ्यावे. एक तासिका पुरेल.