टीप नसलेले पान

चेन्नईत पुरसैवाक्कमला आम्ही राहतो त्या इमारतीच्या तळमजल्यावर एक तमिळ ख्रिस्ती आजी राहतात. वय ऐंशीच्या पुढे. मी त्यांना अम्मा म्हणते. रोज पहाटे त्या मोठ्याने बायबल वाचतात आणि जिन्यातून तो आवाज वर येतो. दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात हा आवाज आठवडाभर बंद होता. आजारी असतील म्हणून खाली गेले, तर आजारी नव्हत्या, रुसल्या होत्या.

रुसण्याचे कारण एक तळटीप होती. बंगळूरला शिकणारा नातू सुट्टीत येताना इंग्रजी स्टडी बायबल घेऊन आला होता. वर चार ओळी मजकूर आणि खाली अर्धे पान टिपा, अशी त्याची रचना. नाताळ जवळ आला म्हणून यशयाचा सातवा अध्याय वाचणे चालू होते. तमिळ बायबल जिथे ‘कन्निगै’ म्हणते, तिथे मूळ हिब्रू शब्द ‘आल्मा’ आहे आणि त्याचा अर्थ फक्त ‘तरुण मुलगी’ असा होतो, हे नातवाने टीप वाचून सांगितले. त्याला वाटले, आजीला नवे काही कळले म्हणून आनंद होईल. अम्मांनी पुस्तक मिटले. “साठ वर्षं मी चुकीचं वाचत होते का?” त्यांनी मला विचारले. आणि मग, “तुमच्या मराठीत काय घातलंय?”

मी श्रद्धावंत नव्हे, वाचक आहे. बायबल मी वाङ्मय म्हणून वाचत आले, आणि टिपांशिवाय वाचायची माझी छाती नाही. पण त्या प्रश्नापुढे मला गप्प बसावे लागले. श्रद्धावंताला बायबल समजायला टिपा, कोश, भाष्ये, मार्गदर्शक लागतात का, हा वाद जुना आहे. तो बहुधा विद्वान विरुद्ध भाविक असा मांडला जातो. मला वाटते मांडणीतच काही चुकते.

मराठीत काय घातले आहे ते आधी सांगते. मराठी ‘पवित्र शास्त्रा’त तिथे ‘कुमारी’ आहे. म्हणजे काय? लग्न न झालेल्या कोणत्याही मुलीच्या नावामागे आपण ‘कु.’ लिहितो. शाळेच्या दाखल्यावर, स्थळाच्या पत्रिकेवर, स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर. त्या एका अक्षरात कौमार्याची साक्ष कोणी शोधत नाही, आणि तरी तो अर्थ शब्दात आहेच. हिब्रूतली ‘आल्मा’ आणि तिचे ग्रीक भाषांतर करताना आलेली ‘पार्थेनोस’, जिच्या आधाराने मत्तयाने आपले पहिले प्रकरण लिहिले, त्या दोघीही ‘कुमारी’त सुखाने नांदतात. इंग्रजीला हे जमले नाही. १९५२ साली अमेरिकेत रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्शन आले, त्यात या जागी ‘तरुण स्त्री’ असा अर्थ घेतला होता. नॉर्थ कॅरोलिनातल्या एका पाद्र्याने ते पान जाहीरपणे जाळले. मराठीत असे पान जाळायची वेळ कोणावर आली नसती. हे भाषांतरकाराचे कौशल्य म्हणायचे की पळवाट? दोन्ही, असे माझे मत.

टिपांना विरोध करणाऱ्यांची बाजू हलकी नाही. ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटी १८०४ साली लंडनला स्थापन झाली, तेव्हाच तिने नियम घातला की बायबल छापायचे ते टिपेशिवाय, भाष्याशिवाय. नियमामागे तत्त्व होते तसा व्यवहारही होता. अँग्लिकन, बाप्टिस्ट आणि इतर पंथीयांना एका मेजाशी बसवायचे तर मजकुरावर एकमत होईल, टिपांवर कधीच होणार नाही. १८२० साली मद्रासला या सोसायटीची शाखा निघाली आणि तोच नियम इथे आला. पुस्तक लोकांच्या हाती द्या, पुढचे पुस्तक पाहून घेईल. (‘केवळ शास्त्र’ म्हणणाऱ्या ल्यूथरने मात्र १५२२च्या आपल्या जर्मन नव्या करारात पुस्तकापुस्तकाला प्रस्तावना जोडल्या होत्या आणि समासात टिपाही घातल्या होत्या.)

पण मद्रासमध्ये टीप नसलेले बायबल कधी होते का? मला सापडले नाही. पुस्तकाबाहेर ‘उपदेसियार’ होता, म्हणजे गावोगावचा धर्मोपदेशक. ती चालतीबोलती तळटीपच. पुस्तकाच्या आतली गोष्ट त्याहून सूक्ष्म आहे. १७०६ साली तरंगम्बाडीला उतरलेल्या झीगेनबाल्गने तमिळ नवा करार सिद्ध केला, तो १७१५पर्यंत छापून झाला. त्यात देवासाठी शब्द आहे ‘सर्वेसुरन’. तो त्याच्या आधीच्या जेझुइटांनी रुळवलेला होता. मग आला फाब्रिसियस. हा १७४२पासून मद्रासला राहिला. १७६१ साली इंग्रजांनी पाँडिचेरी जिंकून तिथला छापखाना उचलून आणला, तो वेपेरीत याच्या हवाली झाला. त्याच्या बायबलात देव झाला ‘पराबरन’. १८७१च्या युनियन आवृत्तीत तो ‘देवन’ झाला, अम्मा वाचतात ती हीच परंपरा. आणि १९९५च्या ‘तिरुविविलियम’मध्ये ‘कडवुळ’. पावणेतीनशे वर्षे आणि चार शब्द. ‘सर्वेसुरन’मध्ये ईश्वर आहे, म्हणजे शिव फार दूर नाही. ‘पराबरन’ वेदान्ताच्या वाटेने येतो. ‘देवन’ म्हटले की तेहतीस कोटींपैकी कोणता, हा प्रश्न तमिळ मनात उठू शकतो. ‘कडवुळ’ संस्कृतचा हात सोडतो, आणि द्रविड चळवळीनंतरच्या तमिळनाडूत ही निवड निव्वळ भाषिक राहत नाही. ही चार भाष्येच आहेत. फरक एवढाच, की ती पानाच्या तळाशी नाहीत, शब्दाच्या पोटात आहेत. वाचणाऱ्याला दिसत नाहीत म्हणून तो ती निमूट गिळतो.

(फाब्रिसियस शेवटी कर्जात बुडाला, कर्जापायी तुरुंगातही गेला. पुरसैवाक्कमला त्याच्या नावाची शाळा आहे, शाळा सुटताना त्या रस्त्याने रिक्षा निघत नाही.)

ग्रंथाच्या नावापासूनच हे सुरू होते. तमिळमध्ये तो ‘परिशुद्ध वेदागमम्’, मराठीत ‘पवित्र शास्त्र’. वेद पठणाचा, कानाने घ्यायचा. आगम म्हणजे पूजाविधीची परंपरा. शास्त्र म्हटले की शास्त्री आलाच. म्हणजे मार्गदर्शक लागतो की नाही, या प्रश्नाचे अर्धे उत्तर दोन्ही भाषांनी मुखपृष्ठावरच देऊन ठेवले आहे, आणि ती उत्तरे एकसारखी नाहीत. अम्मा मोठ्याने वाचतात, मी मनात वाचते आणि पेन्सिलीने खुणा करते.

पुढचे पान उलटले की ‘करार’. देव आणि त्याची प्रजा यांच्यातल्या नात्याला मराठीने अरबीतून आलेला, कचेरीतला शब्द दिला. तमिळने दिला ‘एर्पाडु’. तो मी इथे रोज ऐकते, लग्नाचे एर्पाडु, प्रवासाचे एर्पाडु, म्हणजे व्यवस्था, तजवीज. मी भाड्याच्या घरात राहते. दर अकरा महिन्यांनी माझा जुना करार संपतो आणि नवा होतो. तेव्हा मराठी बायबलाचे मुखपृष्ठ आठवल्याशिवाय राहत नाही. करारात दोन पक्ष असतात आणि मोडला तर दावा लावता येतो. जुन्या करारातले संदेष्टे तेच करतात, प्रजेवर देवाचा दावा लावतात. एर्पाडु मात्र एकच पक्ष करतो, दुसऱ्याने फक्त यायचे. कृपेची कल्पना त्यात सहज बसते. एकाच हिब्रू शब्दाची ही दोन वाचने आहेत, आणि दोन्ही भाषांतल्या भाविकाला आपले तेच मूळ वाटते.

कधी भाषा फुकट टीपही पुरवते. योहानाच्या आरंभी मराठीत ‘शब्द’ आहे, जुन्या तमिळमध्ये ‘वार्त्तै’, नव्यात ‘वाक्कु’. मराठीत शब्द दिला जातो, पाळला जातो, फिरवला जातो. शब्द म्हणजे वचन, हे मराठी वाचकाला कोणी शिकवावे लागत नाही. ग्रीक ‘लोगोस’वरच्या विद्वत्तेत हे सापडायचे नाही. मूळ ग्रीकात हे आहे का, तर सरळ नाही. म्हणून ते चुकीचे का? इथे मी भाविकाच्या बाजूने उभी राहते.

गोव्यात याच्या नेमके उलटे घडले. तिथे आधी मार्गदर्शक आला, पुस्तक नाही. थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. अकरा हजारांच्या आसपास ओव्या, ऐकणारे शंका विचारतात आणि पाद्री-गुरू सांगतो असा घाट. बायबलच्या कथा आहेत, बायबल नाही. भाविकाला ग्रंथ न देता भाष्य दिले. मराठी कानाला यात वावगे काही वाटले नसावे. आपण गीता तरी कुठे वाचतो? सातशे श्लोकांवर ज्ञानदेवांनी १२९० साली नऊ हजार ओव्यांचे भाष्य केले आणि भाष्यच ग्रंथ झाले. पारायण होते ते ज्ञानेश्वरीचे. पुढे भाष्याचीही भाषा जुनी झाली, मग ‘सार्थ ज्ञानेश्वरी’ आली, प्रत्येक ओवीखाली अर्थ. टीप वर चढून मूळ होते आणि तिच्याखाली नवी टीप बसते. भाष्याने भाविक परावलंबी होतो असे म्हणणाऱ्याने वारकऱ्यांकडे पाहावे. आणि भाष्य निरुपद्रवी असते म्हणणाऱ्याने पंडिता रमाबाईंकडे.

रमाबाईंइतका हा प्रश्न अंगावर घेतलेला दुसरा मराठी माणूस मला माहीत नाही. त्यांचे कुटुंब देवळांच्या आवारात पुराणे वाचून पोट भरी. वाचन संस्कृतात, समजो न समजो, कानावर पडले की पुण्य. याच मद्रास इलाख्यात १८७४च्या सुमारास दुष्काळात त्यांचे आईवडील गेले. न समजणाऱ्या पवित्र शब्दाची किंमत त्यांनी उपाशीपोटी मोजलेली होती. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावर ज्या सिस्टर जेरल्डिन त्यांच्या धार्मिक मार्गदर्शक होत्या, त्यांच्याशीच त्यांचे खटके उडाले. चर्च सांगेल तसे समजून घे, असा आग्रह एका बाजूने. दुसऱ्या बाजूने रमाबाईंची पत्रे, ज्यांचा मथितार्थ असा की एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवले ते दुसरे चढवण्यासाठी नव्हे. ‘त्रैक्य’ त्यांना तेव्हा पुस्तकात सापडत नव्हते आणि न सापडलेले त्या मानायला तयार नव्हत्या.

हीच बाई पुढे केडगावच्या मुक्तीत हिब्रू आणि ग्रीक शिकून आयुष्याची शेवटची दीड-दोन दशके बायबलाच्या मराठी भाषांतरात घालवते. उपलब्ध मराठी बायबल त्यांना पंडिती वाटे, आणि त्यातले अनेक शब्द हिंदू तत्त्वज्ञानाचा वास घेऊन येतात अशी त्यांची तक्रार होती. शब्दाच्या पोटातली टीप त्यांना दिसली होती, आणि ती काढून टाकण्याचा ध्यास त्यांनी घेतला. १९२२च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, पूर्ण बायबल १९२४ साली आले, मुक्तीतल्या बायकांनी छापलेले. चर्चांनी ते फारसे स्वीकारले नाही. मुळाला चिकटण्याच्या हट्टापायी त्यातले गद्य ठिकठिकाणी अडखळते, हे मान्य करायला हवे. कोणाच्या मध्यस्थीशिवाय दळणकांडण करणाऱ्या बाईला कळेल असे बायबल त्यांना हवे होते, आणि त्यासाठी त्यांना स्वतःलाच सर्वांत कडक मध्यस्थ व्हावे लागले. हा विरोधाभास त्यांच्या लक्षात आला नसेल असे मला वाटत नाही.

मार्गदर्शक लागतोच म्हणणारे नेहमी ‘प्रेषितांची कृत्ये’चा आठवा अध्याय काढतात. इथिओपियाच्या राणीचा खजिनदार रथात बसून यशया वाचतो आहे, फिलिप्प विचारतो समजते का, तो म्हणतो कोणी वाट दाखवल्याशिवाय कसे समजणार. पुरावा म्हणून हे बिनतोड वाटते. पण प्रसंग नीट वाचला तर खजिनदार आधीच वाचतो आहे, तेही मोठ्याने, अम्मांसारखे. फिलिप्प रथाबरोबर धावतो आहे. वर ये म्हणणारा वाचक आहे. त्याचा प्रश्नही पाहा. संदेष्टा हे कोणाविषयी बोलतो, स्वतःविषयी की दुसऱ्याविषयी? हा समीक्षकाचा प्रश्न आहे, आणि फिलिप्प येण्यापूर्वीच तो त्याच्यापाशी तयार असणार. शेवटी फिलिप्प नाहीसा होतो, खजिनदार त्याला पुन्हा पाहत नाही आणि आनंदाने आपल्या वाटेने जातो. वाचनवर्ग चालवणाऱ्यांना हा शेवट अडचणीचा वाटत असावा, ते बहुधा त्याच्या आधीच थांबतात.

नातवाची चूक टीप वाचण्यात नव्हती. कोणी वर ये म्हटले नसताना तो रथात चढला, एवढेच.

अम्मांना मी ‘कुमारी’ आणि ‘कु.’ यांची गोष्ट सांगितली. त्यांनी ती दोनदा सांगायला लावली. मग म्हणाल्या, मत्तयाला हिब्रू येत नव्हतं का? मी म्हटले, आले असावे, पण यशयातले हे वचन त्याने ग्रीकातल्या रूपात घेतले. “म्हणजे त्यानेही भाषांतरच वाचलं,” त्या म्हणाल्या. टीपकाराने अर्धे पान घेतले ते त्यांनी एका वाक्यात आटपले होते.

जानेवारीत आवाज पुन्हा सुरू झाला. हल्ली नातू आला की वाचनानंतर त्या त्याला खालची टीप वाचायला सांगतात. ती अक्षरे बारीक असतात, त्यांना दिसत नाहीत. तो इंग्रजी वाचून तमिळमध्ये सांगतो, आणि त्या त्याचे तमिळ सुधारतात.