वादळ कुठवर आलं?

जेस्मिन वॉर्डच्या 'सॅल्व्हेज द बोन्स' या कादंबरीत येणाऱ्या वादळाकडे सगळ्यात जास्त लक्ष आहे ते बापाचं. आणि घरात बापाकडे कोणाचंच लक्ष नाही. तो टीव्हीवरच्या बातम्या ऐकतो, पाणी भरून ठेवायला सांगतो, खिडक्यांवर ठोकायला फळ्या गोळा करतो. पोरं 'हो हो' म्हणतात आणि आपापल्या उद्योगाला लागतात. बायको गेल्यापासून बाप पितो. पिणाऱ्या माणसाचा हवामानाचा अंदाज कोण मनावर घेणार?

कादंबरी २०११ सालची, त्याच वर्षी तिला अमेरिकेतलं नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं. मिसिसिपीच्या किनाऱ्याजवळचं एक कल्पित गाव, तिथलं बटीस्ट नावाचं गरीब कृष्णवर्णीय कुटुंब, बारा दिवस आणि बारा प्रकरणं. पंधरा वर्षांची एश ही गोष्ट सांगते. ती गरोदर आहे आणि हे तिने कोणालाही सांगितलेलं नाही. तिचा भाऊ स्कीटा याच्या चायना नावाच्या कुत्रीला नुकतीच पिल्लं झाली आहेत. थोरल्या रँडलचा जीव बास्केटबॉलमध्ये आहे, धाकटा ज्युनिअर सगळ्यांच्या पायात पायात. अकराव्या प्रकरणाचं नाव 'कॅटरिना'. त्यामुळे पुढे शेवट सांगतोय म्हणून माफी मागायची गरज नाही. वादळ येणार हे अनुक्रमणिकेतच छापलेलं आहे. ते फक्त एशच्या घराला नीटसं माहीत नाही.

आपली पिढी वादळं फोनवर बघते. २०२० च्या जूनमध्ये 'निसर्ग' अलिबागकडे येत होतं, तेव्हा आपल्यातल्या कितीजणांनी विंडी उघडून तो गरगरणारा भोवरा बघितला असेल! प्रश्न एकच: कुठवर आलं? जेवणाची ऑर्डर कुठवर आली हे बघावं, तसंच. ठिपका पुढे सरकला की आपल्याला काहीतरी कळतंय आणि कळतंय म्हणजे ते थोडंफार आपल्या ताब्यात आहे, असं वाटत राहतं.

अमेरिकेच्या किनाऱ्यावर हा ठिपका शंकूसारखा दिसतो. मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटर दर सहा तासांनी नवा अंदाज काढतं आणि नकाशावर पुढे पुढे रुंद होत जाणारा एक शंकू दाखवतं. वादळाचं केंद्र या शंकूत राहण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश, म्हणजे तीनातून एकदा ते बाहेर जाणार. शंकूची रुंदी वादळाचा आकार सांगत नाही. मागच्या पाच वर्षांत अंदाज किती चुकले, ते सांगते. लोक मात्र मधली रेघ वाचतात. रेघ आपल्या गावावरून जात नाही ना? मग सुटलो. २००४ मध्ये 'चार्ली'ची रेघ टँपाकडे जात होती. वादळ आधीच वळलं, कायो कोस्टा बेटाजवळ किनाऱ्यावर आलं आणि पंटा गोर्डा शहराची दैना झाली. शहर शंकूत होतं, फक्त रेघेवर नव्हतं. २०२२ मध्ये 'इयन' येत होतं तेव्हाही आधीचे कितीतरी दिवस नजरा टँपावर होत्या. ते आलं त्याच कायो कोस्टावर.

यावरून सोपा निष्कर्ष निघतो: नकाशा सुधारा, माहिती वेळेवर पोहोचवा, माणसं वाचतील. वादळांवरची बरीच पुस्तकं याच निष्कर्षावर उभी आहेत. एरिक लार्सनचं 'आयझॅक्स स्टॉर्म' (१९९९) त्यातलं एक उत्तम. ८ सप्टेंबर १९०० रोजी टेक्ससच्या गॅल्व्हस्टन शहरात हरिकेन आलं आणि किमान सहा हजार माणसं गेली. क्यूबातल्या हवामानतज्ज्ञांना या वादळाचा अंदाज जास्त बरोबर आला होता, पण अमेरिकी हवामान खात्याला त्यांच्या तारा नको होत्या. गॅल्व्हस्टनचा खात्याचा माणूस आयझॅक क्लाइन याने १८९१ मध्ये वर्तमानपत्रात लिहिलं होतं की, या शहराला हरिकेनची भीती बाळगायचं कारण नाही. लार्सनचं पुस्तक रहस्यकथेसारखं पळतं, कारण त्यात गुन्हेगार सापडतो: अज्ञान आणि अहंकार.

वॉर्डकडे अशी सोय नाही. कॅटरिनाचा अंदाज चुकला नव्हता. वादळ मिसिसिपी-लुइझियानाच्या किनाऱ्यावर येणार, हे दोन दिवसांहून जास्त आधी सांगितलं गेलं होतं. २८ ऑगस्ट २००५ ला हवामान खात्याच्या रॉबर्ट रिक्स यांनी काढलेला इशारा इतका थेट होता की, अनेकांना तो खोटा वाटला. त्याच सकाळी न्यू ऑर्लिन्सच्या महापौरांनी शहर सोडण्याचा सक्तीचा आदेश दिला. दुसऱ्या दिवशी पहाटे वादळ किनाऱ्यावर होतं. महिनाअखेर होती. हजारो कुटुंबांकडे गाडी नव्हती. पुढे हजाराहून जास्त माणसं गेली.

कादंबरीत आदल्या दिवशी बटीस्टांच्या घरी फोन वाजतो. पलीकडे सरकारचा रेकॉर्ड केलेला आवाज असतो. घर सोडा, नाही सोडलं तर जबाबदारी तुमची. फोन बंद होतो. जावं की राहावं यावर घरात मोठी चर्चाही होत नाही. पहिल्या वाचनात हे खटकतं. मग लक्षात येतं की वॉर्डने मागची नऊ प्रकरणं याच क्षणासाठी लिहिली आहेत. घरात खायला काय उरलंय, फळ्या किती, पिल्लं किती जगली, रँडलच्या शिबिराचे पैसे कुठून यायचे, हे सगळं आपण मोजून बसलेलो असतो. त्या हिशोबात 'निघून जा' हे वाक्य बसतच नाही. ते ज्यांना उद्देशून आहे, त्यांच्याकडे जायला जागा आहे असं गृहीत धरून ते बोललेलं असतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या धंद्यात अलर्ट गेला की हिरवी खूण दिसते आणि तिकीट बंद होतं. तो ज्याच्या हातात पडला त्याच्या दुसऱ्या हातात काय होतं, हा प्रश्न कोणाच्याच तिकिटात नसतो. त्या फोनच्या प्रसंगात वॉर्डने ती हिरवी खूण पलीकडच्या बाजूने दाखवली आहे.

बापाची तयारीही नीट बघायला हवी. तो मूर्ख नाही. फळ्यांसाठी खुराडं पाडताना ट्रॅक्टरच्या अपघातात तो हाताची बोटं गमावतो, इतका तो गंभीर आहे. पण त्याची सगळी तयारी वाऱ्यासाठी आहे आणि येतं पाणी. हरिकेनला जो एक ते पाच आकडा देतात, तो केवळ वाऱ्याचा वेग मोजतो. कॅटरिना समुद्रात पाचवर पोहोचलं होतं, किनाऱ्यावर येताना तीनवर उतरलं. आकडा उतरला, पण पाच नंबरच्या वाऱ्याने ढकललेला समुद्र मागे कसा जाणार? पास क्रिस्चनला पाणी सुमारे साडेआठ मीटर चढलं. वॉर्डचं स्वतःचं डिलाइल हे गाव तिथून जवळ. ती तेव्हा तिथेच होती आणि तिच्या कुटुंबाला पाण्यातून घर सोडावं लागलं होतं. म्हणूनच बहुधा अकराव्या प्रकरणात वाऱ्याचा आवाज आहे, पण भीती जमिनीतून येते. पाणी फरशीवर, मग गुडघ्यापर्यंत, मग माळा, मग माळ्याचं छप्पर फोडून बाहेर. एशचं गुपितही याच पाण्यात फुटतं.

कादंबरीत त्रुटी नाहीत असं नाही. एश शाळेसाठी ग्रीक पुराणकथा वाचत असते आणि मीडिया या स्त्रीची कथा तिच्या मनातून जात नाही. सुरुवातीला हे छान जुळतं. पण चायना, एश, वादळ अशा तिन्ही आयांवर वॉर्ड मीडियाची सावली पुनःपुन्हा पाडते, तेव्हा लेखिकेचा हात दिसू लागतो. उपमाही फार आहेत. एका परिच्छेदात तीन-तीन, आणि त्यातली एखादी तरी त्या मुलीच्या तोंडी न शोभणारी. जिथे वॉर्ड फक्त मोजते, डबे, फळ्या, पिल्लं, तिथे ती जास्त घाबरवते.

शेवटी चायना पुरात हरवते. स्कीटा मोडलेल्या गावात तिची वाट बघत बसतो. ती परत येईल, याची त्याला खात्री आहे. ती कुठवर आली हे दाखवणारा नकाशा नाही, ठिपका नाही. बाकीचे त्याला वेडा म्हणत नाहीत. बारा दिवस बापाच्या शेजारी बसून वादळाची वाट न बघणारी ही पोरं आता स्कीटाजवळ येऊन बसतात. वाचवायला त्यांच्याकडे एकमेकांशिवाय काही उरलेलं नाही आणि एकमेकांचा ठावठिकाणा मात्र त्यांना पक्का माहीत आहे. पुढचं वादळ फोनवर बघताना 'कुठवर आलं' याच्या जोडीला 'तिथे कोण आहे, आणि त्यांना निघता येईल का' हेही विचारावंसं वाटलं, तर ते या कादंबरीमुळे.